भिंतीपलीकडचा ट्यूबा

इकडे हिंदी मुलखात, झोटवाड्यात, आमच्या भिंतीपलीकडे लग्नाच्या बँडमधले एक गृहस्थ राहतात. सकाळी मी पोळ्यांना बसले की त्यांचा ट्यूबा, तो अजस्र पितळी भोंगा, सुरू होतो. भों, भों, भों. गाणं नाहीच, नुसता ठेका!

वैतागून एकदा विचारलं, "भाईसाहब, क्लॅरिनेट क्यों नहीं बजाते? धुन तो सुनाई दे!"

ओठांवर उठलेला गोल वळ चोळत ते म्हणाले, "भाभीजी, धुन तो लोग सुनते हैं. नाचते मेरे भोंपू पे हैं."

नाचत असतील, माझं डोकं उठतं त्याचं काय?

काल हद्द झाली. मी लाटणं घेऊन भिंतीवर दणादणा आपटत सुटले. बऱ्याच वेळाने भोंगा थांबला. जिंकले, असं वाटतंय तोच पलीकडून आवाज आला, "वाह भाभीजी! एकदम ठेके में!"

आणि मेलं लाटणं खरंच ठेक्यात पडत होतं.