चिटबॉय काकांची जुळणी

समोर कोणतीही वस्तू आली की चिटबॉय काका आधी तिचा धनी विचारत. मग ती ऑफिसच्या दारात विसरलेली छत्री असो, बाहेर खांबाला बांधलेली शेळी असो, नाहीतर टेबलावरचा अर्धा चहा. आमच्या परभणीच्या ऑफिसातली सगळी यंत्रं आता क्लाउडवर गेली, असं साहेबांनी एका बैठकीत जाहीर केलं, तेव्हा टाळ्या थांबल्यावर मागून काकांचा आवाज आला, "कुणाच्या जाग्यात?" साहेबांनी प्रश्न हसण्यावारी नेला. दुसऱ्याच्या जागेत, भाड्याने, हे खरं उत्तर होतं आणि टाळ्यांनंतर ते देण्यासारखं नव्हतं.

वय पंचावन्नच्या पुढे, तरी नाव चिटबॉय. गोदाकाठच्या एका साखर कारखान्यात त्यांनी वीस-बावीस हंगाम ऊसतोडीच्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. कुणाच्या फडात कुठली टोळी, टोळ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांपैकी कुठल्या कोपीत कोण उतरलंय, सगळं तोंडपाठ. या कामावरच्या माणसाला कारखान्यात चिटबॉयच म्हणतात, केस पिकले तरी. आमची कंपनी तिथले संगणक मोजायला गेली, तेव्हा कुठला संगणक कुणाच्या टेबलावर आहे हे सांगू शकणारा तो एकच माणूस निघाला. साहेबांनी त्यांना वर्षाच्या करारावर उचलून आणलं.

आमचं काम सांगायला सोपं आहे. दवाखाने, कॉलेजं, दूध संघ यांची क्लाउडवरची यंत्रं आम्ही सांभाळतो. रोज सकाळी सुरक्षेची तपासणी होते आणि यादी येते: अमक्या यंत्राचं दार बाहेरच्या जगाला उघडं आहे, तमक्याचं कुलूप जुनं झालंय. यादीत यंत्राचं नाव नसतं. एक लांबलचक क्रमांक असतो आणि एक पत्ता. दुसऱ्या बाजूला आमची नोंद: कोणतं यंत्र, कुणाचं, कशासाठी. कागदोपत्री तिला कॉन्फिगरेशन डेटाबेस म्हणतात, काका रजिस्टर म्हणत. यादीतली प्रत्येक त्रुटी रजिस्टरातल्या नेमक्या यंत्राशी जुळवायची, एवढंच. मी पत्त्यावरून भराभर जुळवत असे. काका माझ्या प्रत्येक जुळणीवर फोन लावत.

"काका, पत्ता जुळलाय की."

"पत्ता जुळला सर. माणूस कुठं जुळलंय अजून?"

मी त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, तरी ते मला सर म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला कधीच कळलं नाही.

या सवयीमागची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. कारखाना कोप्यांवर चुन्याने नंबर टाकत असे. एका हंगामात आरोग्य केंद्रातून निरोप आला की सतरा नंबरच्या कोपीतल्या बाईचं रक्त फार कमी आहे, तिला परभणीला न्या. काकांनी जीप पाठवली. जीपमधून एक धडधाकट बाई उतरली. सरकारी गाडी आली म्हणजे बसावं लागतं, अशा समजुतीने ती बसली होती. मधल्या काळात टोळी बदलली होती. खरी बाई नव्या फडावर गेली होती. "तिसऱ्या दिशी सापडली," काका म्हणाले. "वाचली. पर त्ये दोन दिस मला ज्येवण ग्येलं न्हाई. कोपी तीच, नंबर त्योच, माणूस दुसरं."

पुढे त्रुटी आपोआप जुळवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. घ्यावं, असं लेखी मत मीच दिलं होतं. ते आलं म्हणजे काकांचा करार पुढे सरकणार नाही, हे मला माहीत होतं. काकांनाही होतं. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "बरोबर लिवलंय तुमी. माझ्याच्यानं दिवसाला एवढं व्हत न्हाई."

प्रात्यक्षिकाला पुण्याहून पाहुणे आले. साहेब ज्या खोलीला कमांड सेंटर म्हणत, तिथे दोन टेबलं, एक पाण्याचा जार आणि क्रिकेटसाठी घेतलेला मोठा टीव्ही होता. टीव्हीवर लाल ओळी एकेक करून हिरव्या होऊ लागल्या. शेवटी एकच लाल राहिली. एका यंत्राचं दार सताड उघडं होतं. सॉफ्टवेअरने पत्ता पाहिला, एका कॉलेजच्या सरावाच्या यंत्राशी जुळवला आणि सुचवलं, बंद करा. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. माझं बोट बटणावर होतं.

"एक फोन लावतो," काका म्हणाले.

"काका, पाहुणे थांबलेत," साहेब म्हणाले.

"चहा यायलाय त्यांचा." आणि फोन लागलासुद्धा. पलीकडून कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, "आमचं यंत्र तर दिवाळीतच सोडून दिलं, काका. सांगायचं राहिलं बघा."

क्लाउडवर कुणी यंत्र सोडलं की त्याचा पत्ता पुढच्याला मिळू शकतो; आमच्या रजिस्टरात त्या पत्त्यावर अजून कॉलेजच होतं. दिवाळीनंतर नवी यंत्रं कुणी घेतली, हे काकांना पाठ होतं. दोन फोन वाया गेले. तिसरा एका दवाखान्यातल्या सिस्टरना लागला. "तुमच्या मशीनीत आत्ता एक नाव टाका बरं," काका म्हणाले. सिस्टरनी नाव टाकलं आणि आमच्या पडद्यावर त्याच यंत्रात ती नोंद उमटली. डायलिसिसच्या पाळ्या त्या यंत्रावर लागत होत्या. बाहेर सात जण बसलेत, असं सिस्टर सांगत होत्या. मी बटणावरचं बोट काढलं. उघडं दार दवाखान्यापुरतं ठेवून बाकी जगाला लावलं. यंत्र चालू राहिलं.

साहेबांनी अहवाल लिहिला: प्रात्यक्षिक यशस्वी, शेवटची खातरजमा फोनवर करावी. फोन करायला वेगळा माणूस नको, तो मी करावा, हे पुढच्याच ओळीत होतं. मी साहेबांकडे जाऊन काकांसाठी बोललो. त्यांनी शांतपणे माझंच लेखी मत माझ्यापुढे ठेवलं.

शेवटचा आठवडाभर काका माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि एकेकाला फोन लावून माझी ओळख करून देत राहिले. "नमस्कार मॅडम. आता हे सर इचारत जातील. घाईत असत्यात जरा, सांभाळून घ्या." निघताना त्यांना निरोपाचं भाषण नको होतं, तरी साहेबांनी केलंच. काका ते संपेपर्यंत उभे राहिले आणि पोखर्णीची गाडी पकडून आपल्या गावी गेले.

आता फोन मी करतो. सिस्टर आधी विचारतात, "काका कसे हायेत?" मॅडमना त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते हवं असतं. दूध संघातला माणूस तर काकांनी यंदा तूर पेरली का, तिथून सुरुवात करतो. मी नीट सांगितल्याशिवाय कुणी यंत्राकडे वळत नाही. सुरुवातीला मी "मजेत आहेत" म्हणून वेळ मारून नेत असे. सिस्टरनी एकदा विचारलं, "कधी भेटला व्हता?" त्यानंतर महिन्यातला एक रविवार मी पोखर्णीला जातो. सोमवारी फोन करायचे असतात.