पाव मैलापुरती कॉन्टेसा

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आपल्या घरासमोर ट्रक उभा होता आणि अण्णा कॉन्टेसाच्या मागच्या सीटवरचा टॉवेल झटकत होते. ताई, तू फाटकाशी उभी होतीस. गाडी ट्रकवर बांधून बंगळुरूला चालली होती आणि मी तिच्यामागून विमानाने. आई जाऊन वर्ष झालं होतं. काचबिंदूनं अण्णांचा डावा डोळा गेला होता, उजव्याचाही भरवसा नव्हता. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायला बंदी केली होती. घराला कुलूप लावून ते तुझ्याकडे निफाडला राहायला येणार होते.

"उभी ऱ्हायली की गाडी मरती," ते मला म्हणाले. "तू ने. चालती ठेव."

ट्रक वळेपर्यंत ते थांबले नाहीत. टॉवेलाची घडी बगलेत धरून आत गेले.

ती गाडी त्यांनी मी सातवीत असताना निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराकडून जुनीच घेतली होती. अंबडच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर उभा राहणारा आपला बाप रविवारी पुन्हा बॉनेट उघडून उभा राहायचा. सायखेड्याला आजोळी जाताना आई कायम मागे, डावीकडे बसायची. तिथून तिला आरशात अण्णांचे डोळे दिसायचे. त्यांना डुलकी लागतेय का, यावर तिचं सगळं लक्ष. आपण दोघं भांडायचो आणि ती आरशावरची नजर न हलवता आपल्याला चापट मारायची.

बंगळुरूत मला तेव्हा बारा वर्षं झाली होती. भाषा कामापुरती आली होती, माणसं कामापुरतीच होती. ऑफिसात मी स्क्रीनवरचं एक नाव होतो. कॉन्टेसा आली आणि पहिल्यांदा सोसायटीच्या गेटवर कोणी तरी थांबून माझ्याशी बोललं. त्यानंच मला मंजुनाथच्या गॅरेजात नेलं. मंजुनाथ शर्यतीच्या गाड्या बांधायचा. शनिवारी तिथं दहा-बाराजण जमायचे, चहा व्हायचा, आणि मी आलो की म्हणायचे, "कॉन्टेसावाला आला." परक्या शहरात नाव मिळणं म्हणजे काय, हे आपल्या गल्लीतून पुण्याला, दुबईला गेलेल्यांना मी सांगायला नको.

एका शनिवारी कॉन्टेसाही ड्रॅग रेसमध्ये उतरवायचं ठरलं. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावर दोन गाड्या, पाव मैलाचं अंतर, दहा-बारा सेकंदांत खेळ संपतो. अशा गाडीत वजन नको. मंजुनाथ म्हणाला, मागची सीट काढू, हवी तेव्हा परत लावता येईल. मी हो म्हटलं. मग दारांचे आतले पत्रे गेले, एसी गेला, काचांच्या जागी प्लास्टिकची तावदानं आली. जुनं इंजिन उतरवून सहा सिलिंडरचं जपानी इंजिन बसवलं. गाडी उलटली तरी चालवणारा वाचावा म्हणून छतापासून तळापर्यंत लोखंडी नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगत होतो की हे परत पूर्वीसारखं करता येईल. शेवटी मागे रुंद टायर बसवायचे ठरले. त्यासाठी मागच्या सीटखालचा तळाचा पत्रा कापावा लागणार होता. ग्राइंडर मीच हातात घेतला.

त्या दुपारी अण्णांचा फोन आला होता. दर रविवारी यायचा.

"गाडी कशी हाय?"

"मस्त आहे, अण्णा."

"फिरवतो ना?"

"फिरवतो."

माझ्या बुटांवर पत्र्याचा कीस पडला होता. असं खोटं मी दोन वर्षं बोललो. तूही विचारायचीस, तुलाही तेच सांगितलं. जुन्या सीटा गॅरेजातून भंगारवाल्याकडे कधी गेल्या ते मला कळलंही नाही. मी विचारलंच नव्हतं.

मग तू फोन करून म्हणालीस, "अण्णांचा हट्ट आहे. सगळा उजेड जायच्या आत एकदा गाडीत बसायचंय म्हणतात. मी त्यांना घेऊन येते." मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी तिकिटं काढली.

गॅरेजात आपण उतरलो तेव्हा त्यांना नुसत्या सावल्या दिसत होत्या. त्यांनी माझा हात सोडला आणि बॉनेटवर तळवा ठेवला. पत्रा जाऊन फायबर आलं होतं, त्यांनी बोटानं टिचकी मारून पाहिली. मग कडेकडेनं हात फिरवत दारापर्यंत आले. आत काच खाली करायचा दांडा शोधला, तो नव्हता. वाकून हात मागे घातला. तिथं आधी थंड नळी लागली आणि तिच्यापलीकडे उघडा पत्रा. बराच वेळ त्यांचा हात त्या पत्र्यावर होता. मंजुनाथनं शेजारचा कॉम्प्रेसर बंद केला. तू माझ्याकडे बघितलंस, ते मी अजून विसरलो नाही.

"तुझी आई कुठं बसायची इथं?" अण्णांनी विचारलं.

मग त्यांनी तुझा खांदा चाचपला. "चल पोरी. लय ऊन हाय."

मला वाटलं होतं ते रागावतील. रेल्वेत बसेपर्यंत वाट बघितली. ते तुझ्याशी कांद्याचं, नातवाच्या परीक्षेचं बोलत राहिले.

पुढच्या महिन्यात शहराबाहेरच्या एका धावपट्टीवर कॉन्टेसा धावली. चांगली धावली. पोरांनी मला उचललं, हातात एक कप दिला. तो कुणाला दाखवावा हे मला सुचेना. दुसऱ्या दिवशी मी मंजुनाथला म्हटलं, सगळं पूर्वीसारखं कर. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. पत्रा जोडता येईल, म्हणाला, पण ती गाडी आता उरलेली नाही. तेव्हापासून ती शेडमध्ये झाकून ठेवलीये. शनिवारी मी तिकडे जात नाही. अण्णांचा रविवारचा फोन येतो, पण गाडीचं नाव निघत नाही. पाऊसपाणी, जेवलास का, ठेवतो.

गेल्या महिन्यात त्यांना डोळे दाखवायला नाशिकला न्यायचं होतं. तुझ्या घरी पाहुणे होते म्हणून मीच आलो आणि भाड्याची गाडी सांगितली. ड्रायव्हर चांदोरीचा होता. अण्णा पुढे बसले. गाडी निघताच त्यांनी कान दिला.

"किती फिरली?"

"दोन लाखाच्या वर, बाबा."

"आवाजावरनं वाटत नाय. नीट ठेवली तू."

ड्रायव्हर खूश झाला. आडगावपर्यंत दोघं क्लच, गिअर आणि डिझेलवर बोलत होते. अण्णा एकदा मोठ्यानं हसले. ते हसणं मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. मध्येच ड्रायव्हरनं माझ्याकडे मान करून त्यांना विचारलं, "पाव्हणे कुठले?"

"बंगळूरचे," अण्णा म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. लगेच ते पुन्हा गिअरच्या गोष्टीकडे वळले. मी खिडकीबाहेर द्राक्षांच्या बागा बघत राहिलो. ताई, जिथं आपल्याला कुणी 'कुठले' म्हणून विचारत नाही, ते आपलं घर, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. बंगळुरूत मला तसं विचारतात. आता निफाडच्या रस्त्यावरही विचारलं, आणि उत्तर अण्णांनी दिलं. त्यात दुरुस्ती करावी असं मला काही सापडलं नाही.