येनाच्या सालीचं पाणी

लग्न होऊन आले त्या वर्षी श्रावणात सासूबाईंनी सुक्या मासोळ्यांचं मडकं उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. उन्हाळ्यात तलाव आटताना धरलेल्या, आम्ही दोघींनी वाळवलेल्या मासोळ्या पांढऱ्या बुरशीने माखल्या होत्या. मूल या तालुक्याच्या गावाजवळच्या आमच्या खेड्यात मासे धरणाऱ्या प्रत्येक घरी दर पावसाळ्यात हेच व्हायचं, म्हणून कोणाला त्याचं काही वाटत नसे. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई अंगणात ऐनाची साल उकळत बसल्या होत्या. आम्ही त्या झाडाला येन म्हणतो. नवऱ्याने नायलॉनचं जाळं घेतलं होतं, पण सासरे अजून सुतीच वापरायचे, आणि ते जाळं अधूनमधून सालीच्या लाल काढ्यात बुडवून ठेवावं लागे.

"कायले बुडवता, बाई?" मी विचारलं.

"मंग सडन नाई का? सदा पाण्यात राह्यते ते."

"जाळं सडत नाई, तं मासोळी काऊन सडन?"

त्या हसल्या. "जाळं कोणी खाते का, पोरी?"

पण उरलेला काढा त्यांनी फेकला नाही. मी त्यात टोपलीभर मासोळ्या रात्रभर भिजवल्या. वाळल्यावर त्या काळ्याकुट्ट झाल्या. कालवण केलं, तर नवऱ्याने पहिलाच घास थुंकला आणि म्हणाला, "चामडं शिजवलं का?"

मी इरेला पेटले. सरपणातल्या येनाच्या लाकडांची साल सोलून ठेवू लागले. काढा पातळ केला, मीठ वाढवलं, मासोळ्या नुसत्या बुचकळून उन्हात टाकल्या. तरी तुरटपणा जाईना. सासूबाई दर वेळी एक भाजून चाखायच्या आणि मान हलवायच्या. एकदा मात्र त्यांनी दुसरी उचलली. त्याच काढ्याच्या मासोळ्यांनी आम्ही मडकं भरलं.

भाद्रपदात झड लागली होती तेव्हा ते उघडलं. मासोळ्या कोरड्या खडखडीत होत्या. रंग तेवढा तांबूस.

मूलच्या बाजारात आम्ही टोपली मांडली. एक बाई वाकून म्हणाली, "लाल काऊन दिसतेत व? रंग लावला का?"

सासूबाईंनी एक मासोळी मोडली आणि तिच्यासमोर चावून खाल्ली. "येनाची साल आहे. हुंगून पाह्य."

तिने हुंगलं आणि पिशवी पुढे केली. तिच्यामागे आणखी बाया आल्या. ऊन चढायच्या आत टोपली रिकामी झाली. परतताना बसमध्ये सासूबाई ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगत सुटल्या, "माह्या सुनेनं काढलं हे." मी खिडकीकडे तोंड करून हसत होते.

पुढच्या उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर ओळीने चुली पेटल्या. माझ्याहून मोठ्या बाया मला विचारून साल टाकत होत्या. दुपारी नवरा सायकलला सालीचं गाठोडं बांधून आला. वाटेत कोणी विचारलं की म्हणे तो मोठ्या ऐटीत सांगत होता, "बायकोनं मागतलं."