शनिवारच्या बाई

आमच्या होमस्टेचा कचरा मी खाडीत टाकायचो. चूक माझीच होती.

देवबागच्या शाळेतल्या बाई दर शनिवारी मुलांना, त्यांत माझ्या मुलीलाही, आमच्या दारावरून किनाऱ्यावर नेतात. पदर खोचून आधी स्वतः वाकतात आणि प्रत्येक वस्तू उचलून विचारतात, "ह्या आता खंय जातला?"

"सुक्या कचऱ्याच्या पिशवीत!" मुलं ओरडतात.

एकदा आमच्या होमस्टेचं नाव छापलेली पिशवीच सापडली. "बाई, ही तर हिच्या घरची!" पोरं माझ्या मुलीला चिडवू लागली. तिनं मान खाली घातली. मी ओसरीवरून पाहत होतो. बाईंनी नाव आत जाईल अशी पिशवीची घडी घातली.

"कचऱ्याक आडनाव नसता रे. चला, कामाक लागा."

पुढच्या शनिवारी मी सगळ्या मुलांसमोर उभा राहिलो.

"बाई, त्या कचऱ्याक आडनाव आसा. आमचाच. माका माफ करा."