फक्त काजबटण राहिलंय

शिंप्याच्या बायकोनं नवा कपडा वेळेवर घातलेला कुणी पाहिलाय का? पाहिला असेल त्यानं हात वर करावा. निदान या वहिनींचा हात काही वर होणार नाही. अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची आणि त्यांच्या नवऱ्याला मास्तर. मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. हात असा, की त्यांचा कोट अंगावर चढला की माणसाचं पोट आत जायचं आणि खांदे नसले तरी उगवायचे. पण तो अंगावर चढेपर्यंत गिऱ्हाइकाच्या नाकी नऊ यायचे. कुणी कपडा मागायला आलं की मास्तर मान वर न करता दातांनी दोरा तोडायचे आणि म्हणायचे, "तयार आहे. फक्त काजबटण राहिलंय. उद्या या."

हा उद्या कुठे राहतो आणि कधी येतो, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक चिडायचं, पाय आपटत जायचं आणि पुन्हा त्यांच्याचकडे यायचं. तसं कापणारा दुसरा नव्हता ना!

आता वहिनींच्या कोटाची गोष्ट. गडद हिरवं लोकरी कापड, आत रेशमी अस्तर. लेकीच्या लग्नासाठी मास्तरांनी स्वतः बेतला, स्वतः शिवला, पाच काजंसुद्धा हातानं विणली. राहिली फक्त बटणं. बाजारात मास्तरांच्या पसंतीला उतरणारं एक बटण असेल तर शपथ. एक फार चकाकतं, दुसरं मेल्यासारखं दिसतं, पितळेचं लावलं तर बाई बँडपथकातली वाटेल. शेवटी लग्नाची सकाळ उजाडली आणि वहिनी शेजारणीची शाल पांघरून उभ्या राहिल्या. एकेका फोटोत ती शाल आहे. शेजारीण आजही आल्यागेल्याला सांगते, ही माझी बरं का.

मध्यंतरी वहिनींनी गुपचूप दुकानातून बटणं आणून स्वतः लावलीही होती. मास्तरांनी ब्लेडनं एकेक उसवून काढली, वाटीत ठेवली आणि म्हणाले, कोटाचा अपमान आहे हा. त्यानंतर कोट कपाटात लटकला तो लटकलाच. कपाट उघडलं की वहिनी त्याच्याकडे पाहायच्या नाहीत.

पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि मास्तरांचं दुकान बंद झालं. कापड बेतायचं लांबलचक टेबल घरी आलं, गॅलरीत आडवं पडलं. मास्तर त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसायचे आणि किती वाजले ते विचारायचे. जन्मात ज्या माणसाला तारखेची फिकीर नव्हती, तो घटकेघटकेला वेळ विचारतोय म्हटल्यावर वहिनी धास्तावल्या. भांडण परवडलं, पण हे नको असं त्यांना वाटायचं.

मग कुणाकडे तरी सुताराचं काम चाललं होतं, तिथून मास्तर प्लायवूडचे चार तुकडे उचलून घेऊन आले. हातकरवतीनं एक हत्ती कापला. हत्तीची सोंड तुटली, पण मास्तर शिट्टी वाजवत होते. वहिनींनी भुसा झाडला आणि तुटक्या सोंडेचा हत्ती फ्रीजवर मानानं बसवला. घरात पुन्हा कुरकुर सुरू झाली, ही धार चांगली नाही, ती लाकडाची रेघ वाकडी आहे, वगैरे. वहिनींना बरं वाटलं.

हातकरवत पुरेना तेव्हा मास्तरांनी स्क्रोल सॉचं टुमणं लावलं. स्क्रोल सॉ म्हणजे नक्षीची विजेवरची करवत. शिवणयंत्राची सख्खी बहीणच म्हणा. सुईच्या जागी दोऱ्याएवढं बारीक पातं वरखाली होतं, आणि कापडाच्या जागी लाकूड धरून दोन्ही हातांनी वळवत न्यायचं. मास्तर सहज बोलून गेले, की असलं मशीन असतं तर मी मनासारखी बटणंसुद्धा कापली असती.

वहिनी हातातलं काम टाकून समोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "घ्या मशीन. पण पहिलं काम माझं."

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. दिवस भरत आलेत, तू ये, इथं थंडी मरणाची आहे, काहीतरी गरम आण. वहिनींनी त्याच क्षणी मनाशी ठरवलं. या लेकीच्या लग्नात उसन्या शालीत उभी राहिले, आता तिच्या दारात उतरेन ती माझ्या कोटात. मास्तरांना त्यांनी हे स्पष्ट सांगितलं, गाडीची तारीख सांगितली आणि कॅलेंडर त्यांच्या नाकासमोर टांगलं.

झालं, मास्तर मशीन बघायला निघाले. आणि बघतच राहिले.

हार्डवेअरच्या दुकानात तऱ्हेतऱ्हेची मशिनं. स्वस्तातलं चालू केलं की टेबलासकट नाचायचं, लाकूड कापायचं की मशीन पकडायचं असा प्रश्न. महागड्याची किंमत ऐकून मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातलाच नाही. उरली मधल्या किमतीची तीन, आणि घोडं पेंड खात होतं ते इथेच. रोज सकाळी मास्तर खिशात एक नाणं आणि पिशवीत प्लायचे तुकडे घेऊन हजर. मशीन चालू करायला लावायचे, टेबलावर नाणं कडेवर उभं करायचे आणि डोळे बारीक करून बघत बसायचे. नाणं पडलं तर मशीन हादरतं, उभं राहिलं तर चांगलं.

पहिल्यावर नाणं उभं राहिलं, पण ते टोकाला आडवी पिन असलेलंच पातं घ्यायचं. ते बारीक भोकातून ओवता येत नाही, मग मधली नक्षी कापायची कशी? बाद. दुसऱ्याचा वेग कमीजास्त करायची चकती पाठीमागे. म्हणजे काम सोडून मशिनाला प्रदक्षिणा घाला. तेही बाद. तिसरं साधं पातं घ्यायचं, चकती पुढे, भुसा उडवायला फुंकर मारणारी नळी, पातं बदलायला पाना लागत नाही, आणि नाणं असं उभं की जणू चिकटवलंय. त्यात मास्तरांना काहीच खोट सापडेना. तीच त्यांना मोठी खोट वाटली. घरी येऊन म्हणाले, काहीतरी लपवतंय ते. आणि दुकानदाराला रोजच्यासारखं सांगून आलोय, उद्या येतो.

वहिनींनी ओळखलं. इतकी वर्षं संसार केलेली बाई ती. मशीन घेतलं की बटणं कापावी लागणार, बटणं कापली की लावावी लागणार, लावली की कोट संपला. आणि या माणसाला सगळं येत होतं, फक्त संपवणं येत नव्हतं. कॅलेंडरावरची तारीख जवळ येत होती. आता गोडीगुलाबीनं भागणार नव्हतं.

एके दिवशी मास्तर दुपारी आडवे झालेले पाहून वहिनी हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. दुकानदार त्यांना बघून हात जोडायचाच बाकी होता. वहिनी, म्हणाला, ते नाणं मला स्वप्नात दिसतं हो. मग ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. वहिनींनी कोटाची सगळी कथा सांगितली. ऐकता ऐकता दुकानदाराचे डोळे चमकायला लागले, कारण त्यालाही एक जुना हिशोब चुकता करायचा होता. त्याच्या लग्नाचा कोट मास्तरांनी ऐन वेळी दिला होता, डावी बाही नुसती कच्च्या टाक्यावर. सासऱ्यांनी जावयाचा हात प्रेमानं ओढला, तर जावई जागेवर आणि बाही सासऱ्यांच्या हातात. सासुरवाडीत त्याला अजून बाहीवाले म्हणतात.

दोघांचं ठरायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर नाणं घेऊन गेले तर तिसरं मशीन जागेवर नाही. दुकानदार वहीतून मान वर न करता म्हणाला, आत आहे, तयार आहे, फक्त एक नट बसवायचा राहिलाय, उद्या या. मास्तर परत आले. दुसऱ्या दिवशी गेले तर कारागीर आलेला नव्हता. मग दुकानदाराच्या घरी पाहुणे होते. मग वीज गेली होती. मग म्हणे, अहो, तुमचंच काम हातात घेतलं होतं, तेवढ्यात एक अडलेलं गिऱ्हाईक आलं. एकूणएक सबबी मास्तरांच्या स्वतःच्या, धुऊन इस्त्री करून परत आलेल्या. पण आपला तो बाब्या, ओळखतो कोण?

घरी मास्तरांचा नुसता थयथयाट. लोकांना दिल्या शब्दाची काही चाड आहे की नाही? माणसानं किती खेपा घालायच्या? नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा! वहिनी भिंतीकडे तोंड करून भांडी घासत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. रडतेस की काय, असं मास्तरांनी विचारलंसुद्धा. वहिनी म्हणाल्या, कांदा चिरला मघाशी.

मग मास्तर एका सकाळी नाणं घरीच विसरून गेले. दुकानात उभे राहून, चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "मला तेच मशीन पाहिजे. आज. आत्ता. नट नसला तरी चालेल."

दुकानदारानं पैसे घेतले, पावती केली, मशीन स्वतः गाडीवर घालून घरी आणून गॅलरीत बसवून दिलं. निघताना दारात थबकला आणि म्हणाला, मास्तर, सगळं पक्कं बसवलंय, कच्च्या टाक्यावर काही ठेवलं नाही. मास्तर त्याच्या डाव्या बाहीकडे बघत राहिले. मग वहिनींकडे बघितलं. वहिनी कॅलेंडरकडे बघत होत्या. मास्तर कानापर्यंत लाल झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कापड बेतायच्या टेबलाच्या कडेची सागवानी पट्टी काढली. ज्या टेबलावर कोट बेतला त्याचीच बटणं, असं म्हणाले. पातं चढवलं, मशीन सुरू केलं, आणि पट्टी बेडकासारखी टुणकन उडाली. पुन्हा धरली, पुन्हा उडाली. मास्तर विजयी चेहऱ्यानं ओरडले की बघ, मी म्हणत नव्हतो, लपवत होतं ते! मशीन परत करायची भाषा सुरू झाली. वहिनींनी येऊन पात्यावरून अलगद बोट फिरवलं. दातांची टोकं खाली हवीत, ती वर होती. पातं उलटं होतं. सुई उलटी घातली म्हणून याच माणसानं किती शिकाऊ पोरांचे कान पिळले होते! वहिनी आल्या तशा आत गेल्या. मास्तरांनी पातं फिरवून लावलं, आणि ते लोण्यातून गेल्यासारखं सागातून गेलं.

मग दिवसभर गॅलरीतून घरघर. बटणं निघत होती, आणि बादही होत होती. हे जाड, ते पातळ, याची रेघ काजाला आडवी जाते. बाद बटणांनी डबा भरला. गॅलरीचं दार आतून बंद असायचं. वहिनी दारावर टकटक करायच्या, आतून उत्तर यायचं, होत आलंय. वहिनींचा धीर सुटत चालला. हसू कधीच संपलं होतं. त्यांना आता खरोखर वाईट वाटत होतं, आणि रागही येत होता, मास्तरांचा नाही तितका स्वतःचा, की या वयात पुन्हा आशा धरली.

निघायच्या दिवशी सकाळी त्या शेजारणीकडे गेल्या आणि शाल मागून आणली. बॅगेवर घडी करून ठेवली. गाडीची वेळ होत आली तेव्हा गॅलरीचं दार उघडलं. मास्तरांच्या भुवयांवर भुसा होता आणि हातात कोट होता.

वहिनींनी आधी बटणं मोजली. चार. सागाची, मधासारख्या रंगाची, किंचित फुगीर, घासून घासून गुळगुळीत केलेली. पाचव्या काजापाशी काहीच नव्हतं.

"पाचवं?" वहिनींनी विचारलं.

"ते तू आलीस की लावतो," मास्तर म्हणाले. "आत्ता लावलं तर तू तिकडेच राहशील."

वहिनी फणकारल्या, पण कोट अंगात घातलाच. आणि बटण लावायला गेलेला हात तिथेच थांबला. लेकीच्या लग्नातली कंबर आता कुठे राहिली होती? इतकी वर्षं बटणांच्या नादात हा विचार कधी शिवलाच नव्हता. त्यांनी श्वास रोखून, पोट आत ओढून पहिलं बटण लावलं. मग दुसरं. मग हळूच श्वास सोडला, आणि कोट तसाच राहिला. कुठे ओढत नव्हता, कुठे काचत नव्हता. कालच माप घेऊन शिवल्यासारखा.

"हा बसला कसा?" त्या म्हणाल्या.

मास्तर त्यांच्या खांद्यावरचा भुसा टिपत होते. "शिवण सैल केली. बेतताना दोन्ही बाजूंना आत तीन-तीन बोटं कापड सोडलं होतं."

"म्हणजे तेव्हाच तुम्हाला..."

"उशीर होणार हे ठाऊक होतं," मास्तर म्हणाले. "किती, ते नव्हतं ठाऊक."

वहिनींनी तिसरं बटण लावलं, चौथं लावलं. मग शालीची घडी उचलून मास्तरांच्या हातात दिली आणि सांगितलं, शेजारणीला परत करून या, आणि आजच करा, उद्या नको.