व्हर्लीनचा डावा पाय

रविवारी चर्च सुटलं की व्हर्लीन स्टोक्स घरी जात नसे. डोक्यावर जांभळी हॅट, अंगात पांढरा झगा, तशीच थेट थॅडियसच्या बारमध्ये. सकाळी देवाच्या ऑर्गनवर, दुपारी थॅडियसच्या. शिकागोच्या साउथ साइडला यात कुणाला नवल वाटत नाही. सकाळी ज्यांनी ‘आमेन’ म्हटलं त्यातले निम्मे दुपारी तिथंच कोंबडीचे पंख चावत बसलेले असतात. एकमेकांच्या ग्लासात बघायचं नाही, एवढंच पथ्य.

बाई सत्तरीला टेकलेली. नवरा गेला, दात गेले, डावा पाय मात्र शाबूत. ऑर्गनवालीचं सगळं पायात असतं. वर हातांनी करायचे ते नखरे करावेत. खाली लाकडी पट्ट्यांवर डावा पाय फिरला की तळाचा सूर घुमतो आणि ऐकणाऱ्याच्या बुडाखालची खुर्ची थरथरते. चर्चमध्ये ब्लूज वाजवण्याची सोय नाही, आणि घर तिसऱ्या मजल्यावर; कपाटाएवढं ते धूड वर चढवणार कोण? म्हणजे ब्लूज वाजवायचं तर जगाच्या पाठीवर एकच जागा, थॅडियसचा बार.

आणि त्या रविवारी थॅडियसनं तिला दारातच गाठलं.

“व्हर्लीन, उद्या ट्रक येतोय. ऑर्गन जाणार. तिथं बिलियर्डचं टेबल बसवतोय.”

“आणि मी कुठं बसू? टेबलावर?”

“अगं, ऐकायला येतं कोण? ही चार म्हातारी. एका ग्लासावर तिन्हीसांजा करतात, वर बर्फ फुकट मागतात.”

“आज सगळ्यांना नाचवलं तर?”

थॅडियस हसला. “खुर्चीत एक माणूस उरला नाही, तर ऑर्गन राहील. जा, दिला शब्द.”

दारू देणारी लुरीन आतून ओरडली, “मी साक्षीदार हं, थॅडियस! मागाहून पलटायचं नाही!”

झालं. व्हर्लीननं बूट काढून पाय मोकळे केले आणि बसली. पहिलं संथ ब्लूज वाजवलं. चार माना डोलल्या. म्हातारा युलिसिस झोपला. मग सॅक्सोफोनवाल्या अमोसनं जॅझ धरलं. अमोस एकदा त्या वळणांत शिरला की पत्ता विचारत विचारत परत येतो. तो मूळ चालीच्या घरी पोचेपर्यंत लोकांनी कंटाळून फोन काढले होते. थॅडियस ऑर्गनभोवती टेप धरून मापं घेत होता, मेला.

व्हर्लीननं नातीला खुणावलं. जोनेल कॉलेजातली, जिभेला हाड नसलेली. हिपहॉप म्हणायची, पण पोरांच्या घोळक्यात. आजीच्या म्हाताऱ्यांपुढं कधी नाही.

“आजी, माझा ठेका फोनमध्ये आहे.”

“माझा पायात आहे. चढ वर.”

“चढते. पण मी श्वास घेते तिथं मध्ये वाजवायचं नाही. चर्चमध्ये करतेस तसं. शपथ घे.”

“घेतली.”

आता ही शपथ म्हणजे मांजरानं दुधाची घेतलेली. चाळीस वर्षं पाद्र्यानं वाक्य संपवून श्वास घ्यायचा आणि ऑर्गननं त्याला उत्तर द्यायचं, हेच तिचं काम. प्रवचन तापत जातं, उत्तरं तापत जातात, आणि शेवटी असा ठेका सुटतो की अख्खं चर्च जागच्या जागी नाचतं.

जोनेलनं सुरुवात केली,

“बस माझी येत नाही, हीटर घरी पेटत नाही,
घरमालक फोन घेतो, आवाज त्याला येत नाही!”

श्वास. व्हर्लीननं ओठ चावला.

“खरं गं पोरी!” कुणीतरी म्हणालं. त्याचाही घरमालक तोच असावा.

पुढच्या श्वासाला उजव्या हाताची दोन बोटं निसटली. ट्यँव! जोनेलनं डोळे वटारले. पण लोक आता ओळीगणिक हुंकार देऊ लागले, “सांग त्यांना! सोडू नकोस!” आणि पोरगीही शेवटी चर्चच्याच बाकावर वाढलेली. तिचा आवाज ओळीच्या शेवटी पाद्र्यासारखा वर चढू लागला, आणि भान सुटून ती पाद्र्याच्याच शब्दांत ओरडली, “आहे का इथं कुणी साक्षीला?”

संपलं! डावा पाय सुटला.

अमोसच्या शेजारी बसलेला ढोलकरी प्रेंटिस पाद्र्याचा भाचा. त्याच्या काठ्यांनी त्याला विचारलंसुद्धा नाही. ठेका दुप्पट झाला. युलिसिस झोपेतून उठला तो थेट टेबलांभोवती धावत सुटला. टाचा बडवत माणसं नाचू लागली. चर्चमध्ये स्वयंसेविका असलेली एक बाई सवयीनं नाचणाऱ्यांच्या मागं, कुणी पडलं तर सावरायला, हात पसरून उभी राहिली आणि मग मेनूकार्डानं त्यांना वारा घालू लागली. थॅडियस आठ वर्षांत चर्चची पायरी चढला नव्हता. त्यानं काउंटर घट्ट धरला. आधी खांदा उडाला, मग गुडघा, मग टेप एकीकडं, एक बूट दुसरीकडं, आणि तो खोलीच्या मधोमध हात वर करून गरगरत होता.

ठेका थांबला तेव्हा सगळे धापा टाकत उभे. मग एकेकाला आठवलं, आपण बारमध्ये आहोत. कुणी घसा खाकरला, कुणी हॅट सारखी केली.

“केवढा वेळ झाला,” लुरीन किंचाळली, “एकानं घोट मागितला नाही! भरलेले ग्लास परत ठेवले हो माझ्यापुढं!”

थॅडियस खुर्चीत कोसळला. “व्हर्लीन, धंदा बुडवलास माझा.”

“खुर्चीत कुणी होतं?”

“नव्हतं.”

“मग?”

“अगं, पण देव अंगात आलेल्यांना मी दारू कशी विकू?”

तेवढ्यात युलिसिस म्हणाला, “मला भूक लागलीय.” मग काय, सगळ्यांनाच लागली. नाचून झाल्यावर चर्चमध्येही तळघरातल्या जेवणावर अशीच धाड पडते. तळलेला कॅटफिश संपला, पंख संपले, मक्याचा पाव संपला. कॉब्लर म्हणतात त्या गोड पदार्थाच्या भांड्याच्या तळाशी चिकटलेले पीचसुद्धा दोघींनी भांडून वाटून घेतले. लुरीन आता वेगळ्याच सुरात, एकेकाची ऑर्डर ओरडत होती.

“आजी, शपथ मोडलीस,” जोनेल म्हणाली.

“मी नाही. पायानं मोडली. त्याच्याशी बोल.”

थॅडियस एका पायावर उभा राहून फोनवर ट्रकवाल्याला सांगत होता, “उद्या येऊ नको... का म्हणजे? मी नाचलो म्हणून!... नाही रे, प्यायलो नाही, तीच तर भानगड आहे!”

फोन ठेवून तो ऑर्गनपाशी आला आणि अजिजीनं म्हणाला, “व्हर्लीन, आता जरा एखादं रडकं ब्लूज वाजव. लोकांना तहान लागू दे.”