चिठ्ठीशिवाय गोळ्या
बायकोच्या औषधांचा डबा उघडला, की केमिस्टच्या दुकानाचा तो कडू वास येतो आणि मी खोलीत येरझारा घालू लागतो. पोरगी फार्मसी शिकून निघाली तेव्हा दोन दुकानांनी तिला बोलावलं होतं. धंतोलीचं दुकान मोठं, चकचकीत, पगार जास्त. जरीपटक्याचं अंधारं, सदा गर्दीचं. मी धंतोलीवर अडून बसलो. बायको म्हणाली, "थांबा जी, मले पाहू द्या." ती गिऱ्हाईक बनून दोन्हीकडे गेली, मी मागं. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तिनं झोपेच्या गोळ्या मागितल्या. धंतोलीत फार्मासिस्ट नाही म्हणत होता, तर मालक गल्ल्यावरून ओरडला, "दे ना गा, काहून गिऱ्हाईक पळवून राहिला?" त्यानं मान खाली घालून गोळ्या दिल्या. जरीपटक्यातल्या फार्मासिस्टनंही नाही म्हटलं. मीच तडकलो, "मालकाले बोलवा!" मालक आला, म्हणाला, "तो नाही म्हणते तर नाही. दुकान माझं, पण दवाई त्याची." बाहेर येऊन बायको म्हणाली, "पोरीले इथंच पाठवा. इथं तिचं 'नाही' चालते." दोन दिवस मी बायकोशी बोललो नाही. आता तीच गेली आणि माझी झोपही गेली. परवा जरीपटक्याला पोरीच्या काउंटरवर जाऊन मी झोपेच्या गोळ्या मागितल्या. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. म्हणाली, "बाबा, चिठ्ठी लागते. चला, मी येते डॉक्टरकडे." मालकाले बोलवा, असं या खेपेला मी म्हटलं नाही.